एक किलोची सरहद्द

शनिवारी सकाळी साडेआठच्या सुमारास बाझल शहरातल्या क्लाराप्लाट्झ या चौकात उभे राहिले, तर आठ क्रमांकाच्या हिरव्या ट्रॅममध्ये चढणाऱ्या मंडळींच्या हाती बहुधा एकच वस्तू दिसते, ती म्हणजे दोन चाकांची, कापडी, उभी आणि रिकामी पिशवी. त्यांत म्हातारी जोडपी असतात, लेकुरवाळ्या स्त्रिया असतात, रात्रपाळी संपवून परस्पर बाजाराला निघालेले इस्पितळातले सेवकही असतात. पंधरा-वीस मिनिटांत ट्रॅम नदीबंदराची गोदामे मागे टाकून एका चौकीच्या छपराजवळून पुढे सरकते, प्रत्येकाच्या खिशातला फोन एकवार थरथरतो, आणि कोणी मान वर करून पाहण्यापूर्वीच आम्ही सारे स्वित्झर्लंड सोडून जर्मनीतल्या वाइल आम ऱ्हाइन या गावी पोचलेलो असतो. दोन तासांनी तीच माणसे त्याच ट्रॅमने परततात, तेव्हा पिशव्या तट्ट फुगलेल्या असतात, आणि चौकी जवळ येताच सगळ्यांच्या माना आपोआप वर होतात.

गेली नऊ वर्षे मीही या मंडळींतला एक आहे. या हद्दीवर माणूस म्हणून मला सहसा कोणी अडवीत नाही. माझ्या पिशवीतले मटण मात्र एक किलोहून अधिक भरले, तर त्यास थांबावे लागते. हा भेद उमगण्यास मला काही महिने लागले. त्याच्याच पोटात दडलेला दुसरा एक भेद माझ्या सात वर्षांच्या मुलीमुळे या वर्षीच्या मे महिन्यात लक्षात आला, आणि हा लेख लिहिण्याचे खरे निमित्त तोच आहे. पण तेथे पोचण्यापूर्वी वाचकांस या चमत्कारिक मुलखाची थोडी ओळख करून देणे भाग आहे.

बाझल वसले आहे ते ऱ्हाइन नदीच्या वळणावर. कोन्स्टान्सच्या सरोवरातून पश्चिमेकडे वाहत आलेली ही नदी येथे एकाएकी उत्तरेस वळते, आणि त्या वळणापुढे तिचा उजवा काठ जर्मनीचा होतो नि डावा फ्रान्सचा. तिन्ही देशांच्या हद्दी जेथे एकवटतात तो बिंदू ऐन प्रवाहात आहे; तेथे खांब रोवणे शक्य नसल्यामुळे जवळच्या स्विस धक्क्याच्या टोकाशी एक चकाकता स्तंभ उभारला आहे, आणि येणारे-जाणारे त्यालाच संगम समजून छायाचित्रे काढवून घेतात. शहरातली आगगाडीची स्थानकेही अशीच सरमिसळ झालेली आहेत. बाडेनच्या संस्थानाशी १८५२ साली झालेल्या तहनाम्याच्या आधारावर एक मोठे स्थानक स्विस भूमीवर असूनही आजतागायत जर्मन रेल्वेच्या ताब्यात आहे. १९१३ मध्ये उघडलेल्या त्याच्या इमारतीत शिरताना आपण स्विस पदपथावर असतो, आणि फलाटावर पोचण्यासाठी ज्या भुयारी वाटेने जावे लागते त्या वाटेवर जकातीची चौकी आहे. मुख्य स्विस स्थानकाचा एक कोपरा फ्रेंच रेल्वेचा आहे. विमानतळ तर सबंधच फ्रेंच भूमीवर वसलेला, पण १९४९ च्या करारान्वये फ्रान्स आणि स्वित्झर्लंड या उभयतांचा. कोकणात भावाभावांच्या वाटण्या होऊन घरात भिंती पडल्या तरी विहीर जशी सामाईक राहते, तसाच हा प्रकार होय. शहरातून विमानतळाच्या स्विस बाजूस जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही अंगांनी कुंपण आहे, त्यामुळे तो फ्रान्सच्या शेतांतून धावतो, पण फ्रान्समध्ये कोठेही उतरत नाही.

ही सारी माहिती पुस्तकात वाचून येण्याइतका मी दूरदर्शी नव्हतो. ऑगस्ट २०१६ मध्ये मी प्रथम येथे उतरलो तेव्हा मस्कतमधली चार वर्षांची नोकरी नुकतीच संपली होती, आणि औषधी द्रव्यांच्या शुद्धतेची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी रुजू व्हायचा होतो. सामान घेतल्यावर समोर दोन वाटा दिसल्या, एकीवर स्वित्झर्लंड आणि दुसरीवर फ्रान्स असे लिहिलेले. दोन्ही वाटा एकाच बसथांब्यावर निघत असतील, अशी माझी कोकणी समजूत. म्हणून ज्या वाटेला गर्दी कमी होती ती मी धरली. बसचालकापुढे स्विस फ्रँकची नोट धरली तेव्हा तो हसला, आणि त्याच्या हसण्यावरूनच आपण भलत्या राष्ट्रात उभे असल्याचे माझ्या ध्यानी आले. युरोचे सुटे पैसे एका सहप्रवाशाने दिले. बसने सँ-लुई या फ्रेंच गावापर्यंत पोचवले, आणि पुढे हद्दीपर्यंतचा रस्ता दोन बॅगा ओढत मी पायी तुडवला. चौकीतल्या शिपायाने माझ्याकडे पाहिले, मी हातातला व्हिसा उघडून दाखवू लागलो, आणि त्याने माशी वारावी तसा हात हलवून मला जाण्यास सांगितले. ज्या देशाचा परवाना मिळावा म्हणून सहा महिने दस्तऐवजांच्या साक्षांकित प्रती जमवल्या होत्या, त्या देशात मी असा घामाघूम होऊन, कोणाच्याही लेखी न येता, शिरलो.

यामागचे कारण सरळ आहे. शेजाऱ्यांच्या संघटित बाजारपेठेत पूर्णपणे सामील होण्याचा प्रस्ताव स्विस मतदारांनी ६ डिसेंबर १९९२ रोजी अल्पशा फरकाने फेटाळला. पुढे माणसांच्या मुक्त संचाराचा शेंगेन करार मात्र त्यांनी स्वीकारला, आणि १२ डिसेंबर २००८ पासून तो अमलात आला. परिणाम असा, की माणसांची नित्याची तपासणी उठली आणि जकात जागच्या जागी राहिली. परदेशातून माणशी दररोज एक किलो मटण, एक किलो लोणी अथवा साय, पाच लिटर तेल इतके आणण्याची मुभा आहे. त्याहून अधिक मटणावर किलोमागे १७ फ्रँक भरावे लागतात. एकूण खरेदीची करमुक्त मर्यादा पूर्वी माणशी ३०० फ्रँक होती, ती १ जानेवारी २०२५ पासून निम्म्यावर, म्हणजे १५० वर आणली आहे. शेजारच्या जर्मनीतले भाव स्विस भावांच्या मानाने इतके उतरलेले असतात, की पुष्कळांचा शनिवार या आकड्यांभोवतीच फिरतो. शिवाय जर्मन दुकानदार पन्नास युरोंवरच्या बिलास एक निर्यात-चिठ्ठी जोडून देतो. तिच्यावर हद्दीवरच्या जर्मन कारकुनाचा शिक्का घेतला, की पुढल्या खेपेस तेथला विक्रीकर परत मिळतो. एका सरकारचा कर सोडवून घेण्यासाठी रांग आणि दुसऱ्या सरकारचा कर लागू नये म्हणून बेरजा, असे दुहेरी काम आटोपताना भले भले प्राध्यापक बोटांवर आकडे मोजताना मी पाहिले आहेत. बाजाराला जाताना आजीबाईंना सोबत घेण्यामागे प्रेम किती आणि त्यांच्या वाट्याचे एक किलो मटण किती, हे सांगणे कठीण.

एकदा मीही सापडलो. सँ-लुईच्या खाटकाकडून रविवारच्या रश्श्यासाठी बकऱ्याचे मटण घेऊन परतत होतो, तोच दोन गणवेशधारी मंडळी ट्रॅममध्ये चढली आणि त्यांतल्या प्रौढ गृहस्थाने अत्यंत अदबीने पिशवी उघडण्यास सांगितले. वजन भरले एक किलो एकशे चाळीस ग्रॅम. मी म्हटले, यात नळीची हाडे आहेत, त्यांना मटण कसे म्हणता येईल? त्याने क्षणभर खरोखर विचार केला, आणि वजन हाडासकटच धरले जाते असे सांगितले. मग अडीच फ्रँकांच्या आतली एक रक्कम घेऊन त्याने मला रीतसर पावती दिली, आणि जाताना ‘मेर्सी फिलमॉल’ असे, पहिला शब्द फ्रेंच नि दुसरा जर्मन असलेले, खास येथले आभारप्रदर्शन केले. ती पावती मी भाडेपट्टा, जन्माचा दाखला आणि विम्याचे कागद ज्या धारिकेत ठेवतो तिच्यातच जपून ठेवली आहे. माझ्या नावाने या देशाच्या जकातखात्यात जमा झालेली ती एकमेव रक्कम होय.

जकातीचा नाका हा माझ्यासारख्या बांद्याच्या माणसाला नवा नाही. सावंतवाडी तालुक्यातले आमचे गाव तेरेखोल नदीच्या काठी, गोव्याच्या वेशीला टेकलेले; गोव्याहून परतताना इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबून मद्याची तपासणी होते, हे आमच्या लहानपणापासूनचे दृश्य. पण त्याआधीची हद्द मी पाहिलेली नाही, ती आजीकडून ऐकलेली. तिचे माहेर पेडण्याचे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या वाटेने गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर भारत सरकारने नाकेबंदी कडक केली, आणि बैलगाडीने सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचण्याजोगे माहेर आजीला १९ डिसेंबर १९६१ पर्यंत दुर्लभ झाले. मधल्या काळात तिचे वडील वारले; ती बातमी तिला बाराव्यानंतर कळली. या गोष्टीत ती पोर्तुगीजांना किंवा दिल्लीला कधी दोष देत नसे. तिचा प्रश्न निराळाच असे: “न्हंय थंयच हुती, म्हायार थंयच हुतां, मगे मदी ह्यो कागद खंयसून इलो?” परमिटाला ती कागद म्हणे. त्या प्रश्नाचे उत्तर तिला कोणी दिले नाही, आणि देण्याजोगे उत्तर माझ्याही पदरी नाही.

असो. तीन देशांच्या या शेजाराचा खरा लाभ कोणाला होत असेल तर तो स्वयंपाकघराला. गुढीपाडव्याच्या आदल्या शनिवारी वाइलच्या दुकानांतून क्वार्क नावाच्या आंबूस ताज्या चक्क्याचे अर्ध्या किलोचे डबे आणायचे, धोतराच्या जुन्या फडक्यात ते बांधून न्हाणीघरातल्या नळाला रात्रभर टांगायचे, आणि सकाळी जे हाती येते ते चितळ्यांच्या चक्क्याला सर्वथा तुल्य नसले तरी श्रीखंडाला पुरेसे असते. नवख्यांसाठी सांगतो: डब्यावर ४० हा स्निग्धांशाचा आकडा पाहून घ्यावा; बिनसायीचा घेतल्यास श्रीखंड खडूसारखे लागते. कढीलिंब, शेवग्याच्या शेंगा आणि खवलेला नारळ बाझलमध्येच श्रीलंकेच्या तमिळ दुकानदारांकडे मिळतो. १९८० च्या दशकात तेथल्या यादवीतून जीव वाचवून आलेल्या या लोकांनी स्वित्झर्लंडमधल्या शहराशहरांत दुकाने थाटली नसती, तर आमच्यासारख्यांच्या फोडण्या मोहरीवरच थांबल्या असत्या. पिठाची गंमत वेगळीच. जर्मन पिठाच्या पुड्यावर ४०५ लिहिलेले असते, फ्रेंच पुड्यावर ५५, आणि पोळीला कोणते घ्यावे हा पेच पडतो. दोन्ही आकडे पीठ जाळल्यावर मागे उरणाऱ्या राखेचेच आहेत. मोजण्याची रीत तेवढी निराळी. नदीच्या एका काठाला राख शंभर ग्रॅम पिठामागे मोजतात आणि दुसऱ्या काठाला दहा ग्रॅमांमागे, एवढ्यावरून सुगरणींची किती तारांबळ उडावी!

आणि मासळी! जकातीच्या नियमावलीत मटणाचे जे एक किलोचे बंधन आहे ते मासळीला लागू नाही, हे ज्या दिवशी मी वाचले त्या दिवशी या राज्यव्यवस्थेविषयी मला प्रथमच आपुलकी वाटली. सँ-लुईच्या बाजारात अटलांटिकचे बांगडे येतात. आपल्या बांगड्याहून ते सडपातळ, पाठीवर नागमोडी रेघा असलेले, चवीला किंचित उग्र. पण गावाहून आणलेली तिरफळे ठेचून घातली की तो उग्रपणा उतरतो.

हे बांगडे विकणाऱ्या बाई जातीच्या अल्सासी, म्हणजे सँ-लुई ज्यात मोडते त्या अल्सास प्रांतातल्या. पावसाळी सकाळी गिऱ्हाईक नसले की त्या बोलतात, आणि मी माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये ऐकतो. त्यांच्या आजीचा जन्म याच गावातला, तेव्हा गाव जर्मन साम्राज्यात होते. १९१८ मध्ये ती फ्रेंच झाली, १९४० मध्ये पुन्हा जर्मन, आणि १९४५ पर्यंत पुन्हा फ्रेंच. एवढी राष्ट्रांतरे झाली तरी तिने घराचा उंबरठा बदलला नाही. आम्ही मुलूख बदलतो तेव्हा निदान बॅगा भरतो. त्या बाईंच्या आजीला तेवढेही करावे लागले नाही. या फेरबदलांचे अवशेष कायद्यातही राहिले आहेत. अल्सासमध्ये गुड फ्रायडेला आणि २६ डिसेंबरला सुटी असते, उर्वरित फ्रान्समध्ये सहसा नसते, कारण जर्मन अमदानीतले काही कायदे या प्रांताने फ्रान्समध्ये परतल्यावरही टिकवून धरले. बाझलच्या दहा क्रमांकाच्या ट्रॅमचेही तसेच आहे. ही पिवळी ट्रॅम स्विस गावांतून निघून लेमेन नावाच्या एका फ्रेंच खेड्यातून जाते आणि पुन्हा स्विस हद्दीत रोडर्सडॉर्फला संपते. १९१० मध्ये तो रूळ टाकला तेव्हा लेमेन जर्मनीत होते. रूळ तेच आहेत.

कालमापनातही या शहराने शेजाऱ्यांची फार पर्वा केलेली दिसत नाही. १७९८ पर्यंत बाझलची घड्याळे भोवतालच्या मुलखापेक्षा एक तास पुढे चालत. त्याच्या उलट प्रकार १९८० च्या उन्हाळ्यात घडला. शेजारच्या जर्मनीनेही उन्हाळी वेळ स्वीकारली, स्विस मतदारांनी दोन वर्षांपूर्वी ती नाकारलेली होती, आणि एक सबंध उन्हाळा हद्द ओलांडणाऱ्या प्रत्येकाला घड्याळाचा काटा फिरवावा लागला. पुढल्याच वर्षी स्विस सरकार वळणावर आले.

नोकरीसाठी रोज हद्द ओलांडून येणाऱ्यांची संख्या सबंध स्वित्झर्लंडमध्ये चार लाखांच्या घरात आहे आणि त्यांतले निम्म्याहून अधिक फ्रान्समधून येतात. बाझलच्या औषध-कारखान्यांचा आणि इस्पितळांचा गाडा यांच्यावाचून हलणार नाही. आमच्या परिचयाचे एक नागपूरकर कुटुंब जर्मनीत ल्योराख येथे राहते. गृहस्थ पुष्कळ वर्षे जर्मनीत काढून तेथे कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळवून बसलेले, म्हणूनच आमच्यासारखा भारतीय पासपोर्ट असूनही त्यांना सीमापार नोकरीचा ‘ग’ वर्गाचा परवाना मिळू शकला. तो हक्क नसता तर हद्दीपलीकडे राहून अलीकडे नोकरी करणे त्यांना साधले नसते. करारानुसार त्यांच्या पगारातून स्विस सरकार फक्त साडेचार टक्के कापते आणि उरलेला आयकर जर्मनी घेते, पण त्यास एक अट आहे. कामानिमित्त वर्षात साठांहून अधिक दिवस रात्री घरी परतणे झाले नाही, तर ही व्यवस्था मोडते. त्यामुळे कचेरीच्या कामासाठी मुक्कामी दौरा ठरला की हे गृहस्थ आधी भिंतीवरची दिनदर्शिका पाहतात. वहिनी चहा ओतता ओतता म्हणाल्या, “भाऊजी, लग्नाला अठरा वर्षं झाली, हे रात्री घरी येतात की नाही याचा हिशोब मीसुद्धा इतका ठेवला नसेल हो, जितका सरकार ठेवतं.”

१६ मार्च २०२० रोजी महामारीच्या भयाने जर्मनीने ही हद्द बंद केली, आणि तेव्हा प्रथमच मला ती डोळ्यांनी दिसली. ज्या गल्ल्यांतून, शेतवाटांतून लोक कुत्रे फिरवीत परदेशात जाऊन येत, तेथे लोखंडी कठडे आणि जाळ्या उभ्या राहिल्या. कामकऱ्यांना दाखला दाखवून जाता येई. बाकीच्यांना मज्जाव होता. रीहेन हे बाझलच्या शेजारचे स्विस गाव आणि पलीकडचे ल्योराख यांच्यामध्ये घरे जवळजवळ एकमेकांना टेकलेली आहेत. तेथे जाळीच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसलेली एक वृद्ध बहीण-भावाची जोडी मी पाहिली. दोघांनी आपापल्या थर्मासमधून आपापली कॉफी आणली होती. तीन महिन्यांनी, १५ जूनला, जाळ्या निघाल्या. त्याच रीहेनच्या पाठीमागे जंगलाची एक अरुंद पट्टी जर्मन हद्दीत बोटासारखी शिरलेली आहे, तिला लोखंडी हात असे नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात ज्यू निर्वासित या पट्टीतून स्विस भूमीवर पाऊल टाकण्याची शिकस्त करीत, कित्येकांना यश आले आणि कित्येकांना परत पाठवले गेले. आज तेथे शाळेची मुले बीचच्या झाडांची पाने गोळा करतात. जाळीपाशी उभा असताना मला आठवण झाली ती मात्र पेडण्याची.

आता त्या मे महिन्याच्या गोष्टीकडे वळतो. मुलीच्या वर्गाची सहल ठरली. आठ क्रमांकाच्या ट्रॅमने जर्मनीत जायचे. तेथून युनँग या फ्रेंच गावी नेणारा, २००७ साली बांधलेला २४८ मीटर लांबीचा, केवळ पादचारी आणि सायकलस्वारांसाठी असलेला पूल चालत ओलांडायचा. आणि फ्रान्समधून नदीकाठच्या वाटेने चालत शाळेत परतायचे. एका सकाळीत तीन राष्ट्रे. बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली, पावसाळी कोट, पाण्याची बाटली, खाऊचा डबा. आमच्या आणि आणखी दोन मुलांच्या चिठ्ठीवर खाली पेन्सिलीने एक ओळ होती: सोबत पासपोर्ट आणि वास्तव्याचा परवाना द्यावा. बाईंनी ती ओळ शाईने न लिहिता पेन्सिलीने लिहिली, यातला संकोच मला दिसला, आणि त्याबद्दल त्यांचा मी ऋणी आहे. नियमही त्यांनी केलेला नव्हता. युरोपाबाहेरच्या नागरिकाने हद्द ओलांडताना दोन्ही कागद जवळ बाळगावेत, असा कायदाच आहे.

मुलगी बाझलमध्ये जन्मली. नदीच्या या काठाला लोक बोलतात ती जर्मन बोली ती अशी बोलते, की तिचे ट्रॅममधले भांडण ऐकून म्हाताऱ्या वळून कौतुकाने पाहतात. परंतु येथे जन्मभूमीवरून नागरिकत्व मिळत नाही; तिचा पासपोर्ट बर्नच्या आपल्या वकिलातीतून आला, आणि तिच्या नावाचे जे ओळखपत्र आहे त्यावर जर्मनमध्ये छापले आहे: परकीयाचे ओळखपत्र. आईने दोन्ही वस्तू एका पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत घालून गळ्यात अडकवल्या. सायंकाळी ती परतली तेव्हा पिशवीला चीजचा वास येत होता, कारण खाऊच्या वेळी पासपोर्ट वर्गभर फिरला होता. कोणत्याही हद्दीवर त्याची विचारणा झाली नाही. विचारणा केली ती मुलांनी, मुखपृष्ठावरच्या सिंहांची. त्यांनी मोजले, तीन सिंह. हिने सांगितले, चार आहेत, एक मागच्या बाजूला असल्यामुळे दिसत नाही. यावर जोरदार वाद झाला आणि बाईंना मध्ये पडावे लागले.

मी मात्र त्या रात्री बराच वेळ त्या निळ्या पुस्तिकेकडे पाहत बसलो. तिच्या वर्गसोबत्यांच्या दृष्टीने पुलावर काहीच नव्हते, रेघ नाही, फाटक नाही. आणि खरोखरच तेथे काही नाही, हे मी शपथेवर सांगेन. मटणावर, दारूवर, १५० फ्रँकांवरच्या खरेदीवर हद्द आहे. ती सर्वांना सारखी लागते, आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. दुसरी हद्द पुलावर रोवलेली नसून माझ्या मुलीच्या गळ्यातल्या पिशवीत होती, आणि ती जेथे जेथे चालत गेली तेथे तेथे ती हद्द तिच्याबरोबर चालत गेली. मस्कतला माझा परवाना कफीलच्या, म्हणजे मला नोकरीस आणणाऱ्या मालकाच्या, हाती असे, त्याच्या मर्जीवाचून नोकरी बदलण्याची सोय नव्हती. त्या मानाने येथे कायदा स्वच्छ आहे, कारकून सभ्य आहेत. तरीही दर साल आम्हा तिघांच्या परवान्याची मुदत संपते, आणि दर साल एका कचेरीत मी भाडेपट्टा, पगाराचे दाखले, कर्जाचा बोजा नसल्याचा दाखला घेऊन हजर होतो. एका वर्षी नवी कार्डे येण्यास इतका विलंब झाला, की बांद्याला आईच्या आजारपणात मी जाऊ शकलो नाही, कारण बाहेर पडलो असतो तर परत शिरताना दाखवण्यास वैध कागद नव्हता. आई बरी झाली. पण त्या सहा आठवड्यांत आजीच्या प्रश्नाची आठवण झाली नाही असा दिवस गेला नाही.

पुढल्या ऑगस्टात दहा वर्षे पुरी होतील, तेव्हा कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येईल. बोलण्याची आणि लिहिण्याची जर्मन परीक्षा मी दिली आहे. बोलण्यात बरे गुण मिळाले, लिहिण्यात जेमतेम. अर्जासोबत जोडण्याचे कागद धारिकेत लावून ठेवले आहेत, मटणाच्या पावतीच्या शेजारीच. मुलगी म्हणते ती पावतीही जोडा, म्हणजे आपण जकात भरतो हे त्यांना कळेल.

दिवाळीला येथे सुटी नसते. यंदाही मी रजा टाकली आहे. जाता जाता, परदेशी राहणाऱ्या मुलाबाळांना फराळ पाठवणाऱ्या वाचकांस एक विनंती. युरोपाबाहेरून सुटे तूप, दूध, खवा आणण्यास येथे मनाई आहे. आईने दिलेला गाईच्या तुपाचा डबा एकदा माझ्या डोळ्यांदेखत पिंपात गेला. मिठाईला मात्र सहसा ही बंदी लागत नाही. तेव्हा डब्यात तूप वेगळे ठेवू नका, ते सगळे लाडवांत वळून पाठवा. आणि स्वित्झर्लंडला पाठवीत असाल तर पार्सलाची किंमत १०० फ्रँकांच्या आत राहील इतकाच फराळ एका खोक्यात भरा.